हक्क म्हणता, तर हिशेब द्या

धाराशिव जिल्ह्यात दर दहा माणसांमागे साधारण एक मुसलमान. कुणी कोरडवाहू शेतकरी, कुणी शेतमजूर, कुणी गवंडी, बागवान, खाटीक, गॅरेजवाला. यांच्यातल्या गरिबांसाठी धर्मानेच दोन सोयी लावून दिल्या आहेत. एक वक्फ, म्हणजे अल्लाहच्या नावाने कायमची राखून ठेवलेली जमीन किंवा इमारत. तिचं उत्पन्न ठरलेल्या कामालाच जायचं. दुसरी जकात, म्हणजे ऐपतदाराने शिलकीतून दर वर्षी काढायचा अडीच टक्के हिस्सा. दोन्हींत पैसा आहे आणि तरी विधवेच्या, कर्जात बुडालेल्या माणसाच्या, शाळा सुटलेल्या पोराच्या हाती पोचणारी रक्कम फार थोडी. असं का, याची दोन उत्तरं इथल्या मोहल्ल्यांत ऐकू येतात. एक उत्तर म्हणतं, निधीच अपुरा आहे, त्यात सरकारी जाच. दुसरं म्हणतं, निधी आटतो तो हिशेब नसल्यामुळे. ही दोन्ही उत्तरं मी इथे मामू आणि भाची यांच्या तोंडी घातली आहेत. माणसं कल्पनेतली, वाद खरा. मामू मशिदीच्या कमिटीचे सेक्रेटरी. थोडी शेती, भुसार मालाचं दुकान. भाची धाराशिव शहरात पतसंस्थांचे हिशेब तपासणाऱ्या एका ऑफिसात काम करते.

जमीन कुणाची, खंड कुणाचा

भाची : मामू, एक सांगा. गावच्या दर्ग्याला इनाम जमीन आहे, हे लहानपणापासून ऐकते. मग मशिदीच्या लाइटबिलासाठी दर जुम्म्याला झोळी का फिरवावी लागते?

मामू : जमीन आहे, पण कागदावर. निजामाच्या राज्यात दर्गे-मशिदींना खिदमतमाश इनामं मिळाली. दिवाबत्ती, झाडलोट, अजान, उरूस ज्याच्याकडे, त्याने जमीन कसावी आणि सेवा चालवावी, अशी अट. पुढे हैदराबादचा इनाम निर्मूलन कायदा आला, 1954 चा. बाकीची इनामं गेली, धर्मादाय संस्थांची राहिली. पण खिदमत करणाऱ्याच्या पोरांनी वाटण्या करून घेतल्या. तिसऱ्या पिढीला वाटायला लागलं की ही आजोबांची जमीन.

भाची : आणि ती मक्त्याने दिली, बटईने दिली, कुणी साध्या बाँडवर विकूनही टाकली.

मामू : झालं तसं. मदतमाश आणि खिदमतमाश यांतला फरक लोकांना कळत नाही. मदतमाश म्हणजे एखाद्या घराण्याला गुजराणीसाठी दिलेली जमीन, तिच्यावर त्या घराण्याचा हक्क. खिदमतमाश सेवेसाठी दिलेली, ती संस्थेची. सेवेकरी फक्त राखणदार.

भाची : लोकांना कळत नाही म्हणता, पण ज्यांना चांगलं कळतं त्यांनीच फायदा उपटला. फेरफारात एक शब्द इकडचा तिकडे झाला की संस्थेची जमीन घरची होते. जुना मुंतखब, म्हणजे इनामाचा दाखला, उर्दूत किंवा फारसीत, तो वाचणारं गावात कुणी उरलं नाही. सातबारा मराठीत. दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघायचं काम कुणी केलं?

मामू : ते बोर्डाचं काम. राज्य वक्फ मंडळ 2002 च्या जानेवारीत झालं, कचेरी संभाजीनगरला, पाणचक्कीत. तिथे माणसं मोजकी. लोहाऱ्याच्या कोपऱ्यातल्या चार एकरांचा खंड कितीला गेला, हे बघायला कोण येणार?

भाची : बोर्डाकडे माणसं का नाहीत, तेही बघा. बोर्डाचा खर्च चालतो संस्थांच्या उत्पन्नातल्या हिश्श्यावर. आधी निव्वळ उत्पन्नाच्या सात टक्के होता, वक्फ कायद्याच्या 2025 च्या दुरुस्तीने पाच टक्क्यांवर आणला. आता जमीन बाजारभावाच्या मानाने कवडीमोल खंडाने दिली, तर बोर्डाला हिस्सा कवडीचाच मिळणार. बोर्ड गरीब, म्हणून देखरेख नाही. देखरेख नाही म्हणून खंड कमी, आणि खंड कमी म्हणून बोर्ड पुन्हा गरीब. मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने 2006 मध्ये हेच आकड्यांत मांडलं. देशभरात सहा लाख एकर जमीन, बाजारभावाने सुमारे 1 लाख 20 हजार कोटींची. उत्पन्न मात्र वर्षाला 163 कोटी. नीट वापरली तर दहा टक्के परताव्याने 12 हजार कोटी मिळू शकले असते, असं समितीचं म्हणणं.

मामू : बेटा, आकडा वाचायला बरा वाटतो. जमिनीवर पाऊल ठेवलं की गोष्ट वेगळी. 2024 च्या डिसेंबरात शेजारी लातूर जिल्ह्यात काय झालं? अहमदपूर तालुक्यातल्या तळेगावात 103 शेतकऱ्यांना वक्फ न्यायाधिकरणाच्या नोटिसा आल्या, तीनशे एकरांच्या आसपास जमिनीसाठी. अर्ज एका माणसाचा होता. बोर्डाला सांगावं लागलं की नोटिसा आम्ही काढलेल्या नाहीत. पण तोवर सगळीकडे बोभाटा झाला, ‘वक्फवाले शेतकऱ्यांच्या जमिनी घ्यायला निघाले.’ पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस घाबरणारच. असं झालं की गावातलं हसणं-बोलणं बंद होतं. मग मी दर्ग्याच्या चार एकरांसाठी भांडू का गावाची सलोख्याची घडी सांभाळू?

भाची : तुमची भीती खरी आहे. तळेगावचे शेतकरी घाबरले, कारण नोंद धूसर होती. तुम्ही गप्प बसता, त्याचंही कारण तेच. नोंद स्वच्छ असेल तर कसणाऱ्यालाही आपण कुठे उभे आहोत ते कळतं आणि संस्थेलाही. आज अंधारात दोघंही चाचपडतात आणि मधल्यामधे दलालाचं फावतं.

सरकारचा हात

मामू : स्वच्छ नोंदीच्या नावाखालीच तर नवा कायदा आणला. 2025 च्या एप्रिलपासून लागू. जूनमध्ये ‘उमीद’ पोर्टल सुरू झालं, सहा महिन्यांत सगळ्या मालमत्ता चढवा म्हणाले. खेड्यातल्या मुतवल्लीला, म्हणजे वक्फ सांभाळणाऱ्याला, साधा ईमेल नाही. त्याने मुंतखब शोधायचा, स्कॅन करायचा, चतुःसीमा भरायच्या. मुदत संपली तेव्हा देशभरात पाच लाखांच्या वर मालमत्तांची नोंद सुरू झालेली, मंजूर झालेल्या दोन लाख सतरा हजारांच्या आसपास. राहिलेल्यांनी न्यायाधिकरणाच्या दारात उभं राहायचं. याला सुधारणा म्हणायचं का?

भाची : मुदत तोकडी होती आणि तयारी त्याहून तोकडी, मान्य. कायद्यातल्या काही कलमांवर सुप्रीम कोर्टानेही 15 सप्टेंबर 2025 ला अंतरिम स्थगिती दिली. वक्फ करणारा पाच वर्षं धर्म पाळणारा असावा ही अट थांबवली, कलेक्टरच्या अधिकारांपैकी काही थांबवले. नोंदणीची सक्ती मात्र कोर्टाने थांबवली नाही. आणि मामू, नोंदणी 1995 च्या कायद्यातही होतीच की. दर वर्षी जुलैच्या आत मुतवल्लीने हिशेब द्यायचा, हेही जुन्याच कायद्यात होतं. तुमच्या माहितीत किती जणांनी दिला?

मामू : थोड्यांनी. पण सरकारचा अधिकारी बसवला की हिशेब चोख होतो, हे मला पटत नाही. तुळजापूरला बघ. तुळजाभवानी मंदिर संस्थानचे अध्यक्ष खुद्द कलेक्टर असतात. तरी 1991 ते 2009 मधल्या दानपेटीच्या लिलावांची सीआयडी चौकशी लागलीच ना? आणि पाकिस्तानात 1980 मध्ये सरकारनेच जकात गोळा करायला घेतली. एक रमजानला बँक खात्यातून परस्पर कापून घ्यायची. लोकांनी काय केलं? रमजान लागायच्या आदल्या दिवशी पैसे काढून घ्यायला सुरुवात केली. इबादतीत सरकार घुसलं की माणूस पळवाट शोधतो.

भाची : दोन्ही उदाहरणं मला मान्य आहेत, आणि दोन्ही माझ्याच बाजूची आहेत. पाकिस्तानात कापलेल्या पैशाचा विनियोग नीट होईल असा भरवसा वाटला असता, तर इतके लोक रांग लावून पैसे काढायला गेले असते का? तुळजापूरला चौकशी झाली, कारण कुणीतरी हिशेब मागत राहिलं आणि थेट कोर्टापर्यंत गेलं. अध्यक्ष कलेक्टर असो की मौलाना, खालून विचारणारं कुणी नसेल तर पेटी गळतेच. आपल्या मशिदीत कोण विचारतं?

दुष्काळात आटणारा झरा

मामू : विचारायला तिथे असतं काय, ते सांगतो. जकात कुणावर लागू? जुन्या मापाने साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, निदान तेवढ्या किमतीची शिल्लक चांद्रवर्षभर ज्याच्याकडे राहिली, त्याच्यावर. आपल्याकडे शिल्लक राहते किती जणांची? शेतीतल्या मालावर उश्र आहे. पावसावर पिकलं तर दहावा हिस्सा, विहीर-बोअरचं पाणी देऊन पिकवलं तर विसावा. वीस क्विंटल सोयाबीन पावसावर झालं तर दोन क्विंटल काढायचं. इथल्या जमिनीवर उश्र लागतो का, यावर उलेमांत मतभेद आहेत, ते सोड. पण 2012 नंतरच्या दुष्काळांत दहावा हिस्सा काढायला पीक होतं कुठे? 2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे उलटं झालं, अतिवृष्टीने सोयाबीन पाण्याखाली. ज्या वर्षी मागणारे दुप्पट, त्याच वर्षी देणारे निम्मे. हिशेबाची वही कितीही सुंदर ठेवली तरी त्यातून दाणा निघणार नाही.

भाची : हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, आणि म्हणूनच आपण जमिनीपासून सुरुवात केली. जकात हा वाहता पैसा आहे. ती आली की लवकर हक्कदाराकडे जावी, तिचा साठा करायचा नसतो. दुष्काळाच्या वर्षासाठी साठा हवा तर तो वक्फच्या उत्पन्नातून यायला हवा. आपल्याकडे वक्फची जमीन कवडीने जाते, म्हणून इमारतीचा, पगाराचा, लाइटबिलाचा सगळा भार जकात-सदक्यावर येऊन पडतो. त्यातून पुढचा गुंता होतो.

मामू : हीला-ए-तमलीक म्हणतेस.

भाची : तेच. हनफी मताने जकात गरिबाच्या मालकीची व्हावी लागते, तिच्यातून भिंत बांधता येत नाही की पगार देता येत नाही. म्हणून मदरशातल्या गरीब मुलाच्या नावे रक्कम करायची आणि त्याने ती लगेच मदरशाला ‘देणगी’ द्यायची. कागदावर नियम पाळला जातो. पण त्या मुलाच्या हातात काय राहिलं?

मामू : त्याच्या पोटात दोन वेळचं जेवण राहिलं, डोक्यावर छप्पर राहिलं, पुढ्यात शिकवणारा उस्ताद राहिला. बकरीद आली की पूर्वी मदरशाला कातड्यांचा मोठा आधार असायचा. उस्मानाबादी शेळीचं कातडं नावाजलेलं. आता कातड्याचा भाव असा पडलाय की गोळा करायला पाठवलेल्या टेम्पोचं भाडंही सुटत नाही. उस्तादांचा पगार कुठून द्यायचा? उलेमाही हीला गरजेपुरताच मान्य करतात, ही गरजच आहे.

भाची : गरज आहे, मग ती उघड सांगा. ‘आम्हाला पगारासाठी इतके लाख लागतात, जकातीतून ते बसत नाहीत, लिल्लाह रक्कम, म्हणजे जकातीबाहेरची ऐच्छिक देणगी द्या.’ देणारे देतील. आज काय होतं, रमजानमध्ये लांबलांबच्या मदरशांचे सफीर पावतीपुस्तकं घेऊन येतात. त्यांतले काही टक्केवारीवर गोळा करतात. देणाऱ्याला माहीत नसतं की शंभरातले किती मदरशात पोचले. तो विटतो, आणि पुढच्या वर्षी खऱ्या सफीरलाही दारातून परत पाठवतो.

मामू : आणि रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, हेही धर. वीस वर्षांपूर्वी तो सोयाबीनच्या सुगीला यायचा, शेतकऱ्याच्या खिशात पैसा असायचा. आता सुगी आधीच उलगडलेली असते. 2030 मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान येईल. फी भरायची जूनमध्ये, खत-बियाणं घ्यायचं पेरणीला. गरज एका महिन्यात, पैसा दुसऱ्याच महिन्यात.

भाची : बघा, हे तुम्हाला माहीत आहे, पण कमिटीच्या वहीत कुठे आहे? वर्षाचा अंदाज आधी मांडला, तर एका महिन्यात आलेल्या पैशातून कुणाला आत्ता द्यायचं आणि जूनच्या फीसाठी लिल्लाह रकमेतून किती बाजूला काढायचं, हे ठरवता येतं.

इज्जत आणि वही

मामू : आता माझा खरा विरोध ऐक. तू म्हणतेस वही उघड ठेवा. अगं, मोहल्ल्यातली एखादी बेवा रात्री मागच्या दाराने येते. तिचं नाव वहीत लिहून जुम्म्याला वाचून दाखवू? रेशनची किट वाटताना फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणारे मी बघितलेत. त्या फोटोतल्या पोराला दुसऱ्या दिवशी शाळेत तोंड दाखवायला जागा राहत नाही. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, असं आपण शिकलो. त्यात इज्जत आहे.

भाची : ही इज्जत राखायलाच हवी. पण मामू, झाकायचं ते घेणाऱ्याचं नाव. रक्कम झाकायची कशासाठी? मशिदीच्या फळ्यावर एवढंच लिहा : जकात जमा इतकी, ईदचा फितरा इतका, लिल्लाह इतकी, बँकेतलं व्याज इतकं, जे आपण सवाबाच्या नियतीने वापरत नाही. खर्च : बेवा इतक्या, त्यांना इतके, कर्जफेड इतक्यांची, इतकी, औषधपाणी इतकं. शिल्लक इतकी. चार खाती वेगळी. नाव एकाचंही नाही. यात कुणाची इज्जत जाते?

मामू : लेखापरीक्षकाची फी कोण देणार? ती गरिबाच्या तोंडातला घास काढून द्यायची का? शिवाय फक्त मुसलमानांसाठीच्या ट्रस्टला 80जी ची सवलत नाही, देणाऱ्याला करात एक पैसा सुटत नाही. आणि आता लाखावर उत्पन्न असलेल्या वक्फचं ऑडिट सरकारने ठरवलेल्या ऑडिटरांच्या यादीतूनच.

भाची : जकातीचे आठ हक्कदार तुम्हीच मला शिकवलेत. त्यांत जकात गोळा करणारे, सांभाळणारे आमिलसुद्धा आहेत. म्हणजे व्यवस्थेवर खर्च होतो, हे शरियतने पहिल्यापासून धरलेलं आहे. तो मर्यादेत असावा आणि दिसावा, एवढंच. त्याच आठांत गारिमीन आहेत, कर्जाने पिचलेले. आपल्या बायका गटाच्या कर्जाचे आठवड्याचे हप्ते भरतात, एक हप्ता भागवायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढतात. मोहल्ल्यात असं कोण किती बुडालंय, याची यादी कमिटीकडे आहे?

मामू : कमिटीकडे नाही. बायकांना माहीत असतं.

भाची : आणि कमिटीत एकही बाई नाही. 1993 च्या भूकंपानंतर लोहारा-उमरग्याच्या गावांत घरबांधणीची माहिती देणं, लोकांच्या अडचणी वर पोचवणं हे काम बायकांनी केलं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं होतं. त्याच जिल्ह्यात आज जकात कुणाला द्यायची हे ठरवताना बाईला विचारत नाही आपण.

मामू : बिनव्याजी कर्जाचा फंड काढावा असं मलाही वाटतं. कर्ज-ए-हसना. पण लोक बिचकतात. बंगळुरूच्या आयएमए या गुंतवणूक कंपनीने ‘हलाल नफा’ म्हणून हजारो घरांची कमाई घेतली आणि 2019 च्या जूनमध्ये मालक परदेशी पळाला. इकडे बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये अडकलेले ठेवीदार आजही हेलपाटे घालताहेत. हलाल म्हणा की सहकार, पैसा बुडतोच म्हणतात लोक.

भाची : आयएमएत लोकांनी ‘हलाल’ ऐकलं आणि ताळेबंद विचारला नाही. आपल्याच माणसावर अविश्वास कसा दाखवायचा, हा संकोच. तोच संकोच आपल्या मशिदीतही आहे. तुम्ही मिंबरवरून सांगता की जकात ही श्रीमंताची मेहेरबानी नाही, तो गरिबाचा हक्क आहे. हक्क म्हणता, तर हक्कदाराला हिशेब मागता आला पाहिजे. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे.

मामू : हे मला नाकारता येत नाही. फळा लावू. चार खाती वेगळी करू. दर्ग्याच्या जमिनीच्या खंडाचा लिलाव चावडीवर, सगळ्या गावासमोर करू. शेतजमीन तीन वर्षांच्या वर देताच येत नाही कायद्याने, तेवढीच देऊ, आणि आज कसणारा त्यात बोली लावेल तर त्याचं स्वागत. दोन बायका कमिटीत घेऊ, त्यासाठी मला आधी चार वडीलधाऱ्यांची समजूत काढावी लागेल. पण ऑडिटर सरकारने ठरवावा, हे मला मान्य नाही. तो जमातीने निवडावा.

भाची : आणि मला वाटतं, जमातीने निवडलेला माणूस जमातीतल्या बड्याला विचारायला कचरतो. तो बाहेरचाच हवा.

मामू : मग इथे आपलं जमत नाही.

भाची : इथे नाही. पण फळ्यासाठी त्याची वाट बघायची गरज नाही.

माझं म्हणणं

या दोघांत मी भाचीच्या बाजूचा आहे, पण मामूंच्या दोन गोष्टी सोडून तिची बाजू उभी राहत नाही. पहिली, गरजूचं नाव झाकलेलंच राहिलं पाहिजे. दुसरी, वरून आलेला हुकूम भरवसा निर्माण करू शकत नाही. पोर्टलवर मालमत्ता चढली म्हणून खंड वाढत नाही, आणि कलेक्टरची सही झाली म्हणून विधवेच्या घरात धान्य येत नाही. वक्फ मंडळ, न्यायाधिकरण, सरकारी ऑडिटर हे सगळे मुतवल्लीला वरून विचारतात. त्याला खालून विचारणारा अजून कुणी नाही, आणि ज्याच्या नावाने हा पैसा गोळा होतो तो माणूस तर मुळीच नाही.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात, जिथे पावसावर पोट आणि पोटावर दानत अवलंबून, तिथे वक्फची जमीन हाच दुष्काळातला एकमेव टिकाऊ आधार होऊ शकतो. तिचा खंड बाजाराच्या दराने येऊ लागला की मदरशाच्या पगारासाठी हीला करावा लागणार नाही, आणि जकात तिच्या आठ हक्कदारांसाठी मोकळी होईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट बघायची नाही, की जुन्या कायद्याचं गाऱ्हाणं गायचं नाही. मुंतखब आणि सातबारा शेजारी ठेवून एकदा वाचायचे, खंडाची बोली चारचौघांत लावायची आणि दर तीन महिन्यांनी फळ्यावर जमा-खर्च लिहायचा. ऑडिटर कोण, हा वाद त्यानंतर खुशाल चालू द्यावा; फळ्यावर लिहिलेले आकडे समोर असतील, तर तो वादही खरा होईल.